हार्ड डिस्क वाढवण्याआधी विजेचा हिशेब करा

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान चालते ते उधारीवर. मे महिन्यात लग्नाचा बस्ता उचललेला शेतकरी पैसे आणून देतो ते दिवाळीनंतर, कापूस घरात येऊन विकला गेला म्हणजे. तोवर पाच-सहा महिने व्यापाऱ्याची सारी पुंजी एका वहीत अडकलेली असते. आमची ती वही पूर्वी लाल कापडी पुठ्ठ्याची होती. आता ती हार्ड डिस्कवर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे उधारी ऐन भरात असताना, एका चुकीच्या वायरने ती वही डोळ्याचे पाते लवण्याआधी जाळली. एक नव्हे, तिच्या दोन्ही प्रती.

दोष कोणाचा म्हणाल तर आमचाच. पण आज गावोगावचे व्यापारी, फोटोग्राफर, छापखानेवाले आणि शिवणकामाचे कारखानदार घरच्या घरी अशी साठवणुकीची यंत्रे उभी करत आहेत. जुना संगणक घ्यायचा, त्यात दोन डिस्क टाकायच्या, त्या भरल्या की आणखी दोन. डिस्क किती टीबीची घ्यावी यावर तासभर चर्चा होते. त्या डिस्कांना वीज कोठून मिळणार, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

आधी हे यंत्र लागतेच कशाला, ते सांगतो. जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणजे २०२४-२५ सालची बिले, ज्यांच्या विवरणपत्राची मूळ मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती, ती २०३१ च्या अखेरपर्यंत जपणे आले. बिलांना जागा फार लागत नाही. जागा खातात ते सुरत-भिवंडीहून येणारे मालाचे फोटो, आणि त्याहून अधिक दुकानातले कॅमेरे. एक साधा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रण पाठवत असेल तर दिवसाला सुमारे २१ जीबी होतात. चार कॅमेरे आणि तीस दिवसांचे चित्रण ठेवायचे म्हटले की अडीच टीबी संपले. इंटरनेटवर भाड्याची जागा मिळते, पण एवढे चित्रण आमच्या गावच्या लाईनवरून वर चढवणे जमत नाही आणि भाडे महिन्याच्या महिन्याला सुरूच राहते.

शिवाय आता त्यात एक अमानतही आली आहे. केंद्र सरकारचे 'उम्मीद' पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झाले आणि वक्फ मालमत्तांची कागदपत्रे त्यावर चढवण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्या धावपळीत किती मशिदींचे, कब्रस्तानांचे जुने दस्त, सातबारे आणि मोजणीचे नकाशे पहिल्यांदाच स्कॅन झाले! ही स्कॅन केलेली कागदे आज कोठे आहेत? बहुतेक ठिकाणी ज्या मुलाने ती स्कॅन केली त्याच्या संगणकात. आमच्याही यंत्रात अशी एक थैली आहे. तेव्हा हा विषय नुसता दुकानदारीचा राहिलेला नाही.

बंद पडण्याची सुरुवात

आमचे यंत्र दुकानाच्या वरच्या खोलीत होते. सुरुवातीला दोन डिस्क, मग चार, मग सहा. चारपर्यंत काही जाणवले नाही. सहा झाल्यावर मात्र विचित्र प्रकार होऊ लागला. लाईट जाऊन आली की यंत्र सुरू होई, पण सहापैकी एक डिस्क दिसत नसे. कधी ही, कधी ती. बंद करून पुन्हा सुरू केले की सगळ्या हजर. आम्ही डिस्कांना दोष दिला. एक नवीनही आणली. रोग तोच.

रोग होता एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणाऱ्या पेटीत. आणि हा रोग यंत्रमाग चालवणाऱ्या माणसाला मी एका वाक्यात समजावू शकतो. मालेगावात, भिवंडीत किंवा इचलकरंजीत लाईट गेली आणि परत आली, तर शहाणा मागवाला सगळे माग एकदम सुरू करत नाही. एकेक करून चालू करतो. कारण मोटार उभ्या जागेवरून फिरायला लागताना जेवढा करंट ओढते तेवढा ती चालू असताना ओढत नाही. शेतातल्या पंपाला स्टार्टर लागतो तो याचसाठी. हार्ड डिस्कमध्येही मोटारच असते. साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या घेते. तो वेग गाठेपर्यंतचे काही सेकंद ती १२ व्होल्टच्या वायरीतून दीड ते दोन अँपिअर ओढते. वेग आला की तिची सगळी भूक मिळून पाच ते नऊ वॅटवर येते.

आता हिशेब करू. सहा डिस्क, प्रत्येकी दोन अँपिअर, झाले बारा. बारा अँपिअर गुणिले १२ व्होल्ट, १४४ वॅट. हे फक्त मोटारींचे. प्रोसेसरलाही १२ व्होल्टचीच वीज लागते, त्याचे साठ-सत्तर वॅट धरा. दोनशेच्या वर गेलो. आमच्या जुन्या एसएमपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेले होते, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. बाजूचे बारीक अक्षरांचे लेबल चष्मा लावून वाचले तेव्हा १२ व्होल्टच्या समोर १४ अँपिअर आढळले, म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट कोठे तरी ५ व्होल्टच्या आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यात, जिथे आपल्याला त्यांचा उपयोग नाही. कापड घेताना आपण पन्ह्याकडे पाहतो, गाठीच्या आकाराकडे नाही. एसएमपीएस घेताना १२ व्होल्टपुढचे अँपिअर पाहावेत.

हे दुखणे लहानांचेच नाही. अमेरिकेतील बॅकब्लेझ नावाची कंपनी लोकांचा डेटा भाड्याने सांभाळते. तिने २००९ साली आपल्या साठवण पेटीची रचना सर्वांसाठी खुली केली. एका पेटीत ४५ डिस्क, प्रत्येकी दीड टीबीची, मिळून ६७ टीबी. त्यांनी एका पेटीला दोन एसएमपीएस दिले आणि दोन वेगळी बटणे ठेवली. आधी एक दाबायचे, काही सेकंद थांबायचे, पहिल्या निम्म्या डिस्कांची फिरकी बसली की दुसरे दाबायचे. म्हणजे भिवंडीच्या मागवाल्याचाच रिवाज! काही कार्डांमध्ये आणि यंत्रांमध्ये डिस्क एकामागून एक फिरवण्याची सोय असते. ती असेल तर जरूर वापरावी. साध्या संगणकाच्या बोर्डावर मात्र ती क्वचितच सापडते, म्हणून एसएमपीएसच भरपूर ताकदीचा घेणे बरे.

ती वायर

कारण समजल्यावर पुतण्याने चांगल्या कंपनीचा साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस नागपूरहून आणला. याच्या वायरी सुट्या असतात, लागतील तेवढ्या मागच्या खाचेत बसवायच्या. पेटीत डिस्कांसाठी आलेल्या वायरीला चारच तोंडे होती. आम्हाला सहा हवी होती. पुतण्याच्या शिकतानाच्या संगणकातला दुसऱ्या कंपनीचा एसएमपीएस घरात पडून होता. त्याची सुटी वायर काढली, नव्याच्या खाचेत लावून पाहिली, अगदी फिट्ट बसली. "चाचा, बसली," तो म्हणाला. मीच बटण दाबले.

टक् असा बारीक आवाज झाला आणि वास आला. चार डिस्क फिरल्या, दोन मेल्या. त्या दोन म्हणजे उधारीची जोडी, जिच्यावर एकच हिशेब दोन ठिकाणी लिहिला जात होता, एक गेली तर दुसरी असावी म्हणून.

झाले असे होते. डिस्ककडच्या तोंडाची रचना जगभर एकच आहे, कोणती पिन किती व्होल्टची हे ठरलेले. पण त्याच वायरीचे दुसरे टोक, जे एसएमपीएसमध्ये जाते, त्याची कसलीही सर्वमान्य रचना नाही. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने पिना लावते, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. खाच सारखी दिसते, प्लास्टिक बेमालूम बसते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट डिस्कच्या अंगात जातात. वाचकांनी या लेखातले दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल. एका एसएमपीएसची सुटी वायर दुसऱ्याला लावू नका. एसएमपीएस बदलला तर वायरीही सगळ्या बदला आणि जुन्या वायरी जुन्याच खोक्यात बांधून ठेवा.

नागपूरच्या एका मोबाईल दुरुस्ती कारागिराकडे दोन्ही डिस्क नेल्या. त्याने खालचा हिरवा बोर्ड सोडवला, भिंगाखाली धरला आणि एका काळ्या तिळाएवढ्या भागावर चिमटा टेकवला. तो टीव्हीएस डायोड. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या नाजूक चिपांना वाचवतो. पहारेकरी दारात पडावा आणि घर वाचावे, तसे. तो मेलेला डायोड उपटून काढला की बरेचदा डिस्क जिवंत होते. मात्र आता तिला पहारा नाही, म्हणून लगेच सगळा डेटा दुसरीकडे उतरवून तिला निवृत्त करायचे. एक डिस्क अशी उठली. दुसरीची मोटार चालवणारी चिपही गेली होती. तिच्यासाठी त्याच मॉडेलचा बोर्ड शोधून जुन्या बोर्डावरची एक छोटी स्मृतीची चिप त्यावर बसवावी लागली असती, कारण आजच्या डिस्कांत प्रत्येकीची स्वतःची मोजमापे त्या चिपेत असतात. नुसता बोर्ड बदलून भागत नाही. ती गरज पडली नाही, अल्हम्दुलिल्लाह.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत कोणाकडे किती येणे आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि गावात बातमी पसरायला अकरा मिनिटेही लागत नाहीत. काही गिऱ्हाईक आपण होऊन आले आणि आपला आकडा सांगून गेले. मी कागदावर लिहून घेतला. डिस्क परत आल्यावर ताडून पाहिले, बहुतेक आकडे जुळले. दोघांचे कमी निघाले. त्यातल्या एकाच्या बाबतीत माझीच नोंद चुकलेली होती.

वायरी, जोड आणि कापसाची लव

आता बाजारात मिळणाऱ्या जोडवायरींविषयी. एका तोंडातून दोन, चार, पाच डिस्कांना वीज देणाऱ्या वायरी स्वस्तात मिळतात. साटा तोंडात १२ व्होल्टसाठी तीन पिना असतात आणि एका पिनेची सोसण्याची मर्यादा दीड अँपिअर धरलेली आहे, म्हणजे तिन्ही मिळून साडेचार. त्यातून दोन डिस्क सुरू करताना चार अँपिअर जातात, हे बसते. चार डिस्क जोडल्या तर आठ जातील, आणि ते तोंड तापेल. आज नाही वितळले तर उन्हाळ्यात वितळेल. म्हणून एका साटा तोंडावर दोनच्या वर डिस्क नकोत. आणि एसएमपीएसकडून निघालेल्या एकाच वायरीवर सारा भार लादण्यापेक्षा दोन वेगळ्या वायरींवर तीन-तीन वाटाव्यात.

जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या तोंडातून (पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, दोन काळ्या अर्थिंगच्या) जास्त करंट जाऊ शकतो, त्यावरून साटामध्ये बदलणाऱ्या वायरीही मिळतात. त्यात दोन जाती आहेत. एकीत वायरींवर गरम प्लास्टिक ओतून तोंड बनवलेले असते. आत वायरी एकमेकींजवळ सरकलेल्या असल्या तरी बाहेरून दिसत नाही, आणि अशी तोंडे पेटल्याच्या तक्रारी जगभर आहेत. दुसरीत प्रत्येक वायर स्वतंत्र खाचेत दाबून बसवलेली असते आणि मागे उघडणारे झाकण असते. किंमत थोडी जास्त. घ्यायची ती दुसरी.

एक चमत्कारिक गोष्ट आणखी सांगतो, कारण तिच्यापायी अनेकांनी चांगल्या डिस्क परत केल्या आहेत. काही नव्या, मोठ्या क्षमतेच्या डिस्क जुन्या एसएमपीएसला लावल्या की फिरतच नाहीत. डिस्क बिघडलेली नसते. नव्या नियमात वीज तोंडाच्या तिसऱ्या पिनेला ३.३ व्होल्ट मिळाले की डिस्कने बंद राहावे असा संकेत ठरला आहे, आणि जुने एसएमपीएस ते व्होल्ट तिथे कायम देत असतात. चार पिनांच्या तोंडावरून बदलणारी वायर वापरली की ३.३ व्होल्ट येतच नाहीत आणि डिस्क फिरू लागते.

कापडाच्या दुकानात एक शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे लव. थान उलगडताना उडणारी लव पंख्याच्या जाळीवर महिन्याभरात गादीसारखी बसते. मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि बहुतेक डिस्कांची सोसण्याची कमाल मर्यादा ६० अंशांची असते. खोलीच जर चाळीसच्या वर असेल तर एकमेकींना चिकटवून रचलेल्या सहा डिस्कांत मधल्या दोन भाजून निघणार. दोन डिस्कांमध्ये बोटभर जागा ठेवा, समोरून एक मोठा पंखा असू द्या, आणि पत्र्याखालच्या खोलीत यंत्र ठेवू नका. आमचे आता खालच्या मजल्यावर, गल्ल्यामागे आहे, आणि जाळी दर जुम्म्याला दुकान उघडण्याआधी पुसली जाते.

लाईट जाणार हे धरून चला

जूनचे पहिले वादळ आले की आमच्याकडे लाईट दहादा जाते-येते. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज तुटली तर हिशेबाचे पान अर्धे लिहिलेले राहते. घरचा इन्व्हर्टर असला तरी साध्या इन्व्हर्टरला लाईटवरून बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. इन्व्हर्टरवर यूपीएसचे बटण असेल तर ते त्या बाजूला करावे, किंवा वेगळा यूपीएस घ्यावा. तिथेही आकड्याची गंमत आहे. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. सहा डिस्कांचे यंत्र चालू असताना सव्वाशे वॅटच्या आत राहते, त्यामुळे तो पुरतो, पण त्याच यूपीएसवर छपाईचे लेझर यंत्र लावू नये. दोन-तीन वर्षांत बॅटरी मरते. यूपीएस हिरवा दिवा दाखवत राहतो आणि गरजेच्या वेळी दगा देतो. वर्षातून एकदा स्वतः मेन बटण बंद करून पाहावे.

यूपीएसला यूएसबीची वायर असेल तर ती यंत्राला जोडून ठेवा. बॅटरी उतरत आली की यंत्र आपणहून नीट बंद होते, दुकानात कोणी असो वा नसो. आणि अर्थिंग! तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या खाचेत घालणारे महाभाग अजून आहेत. कॅमेऱ्याची वायर छपरावरून येत असेल तर आकाशातली वीज त्या वाटेनेही आत येते, म्हणून ढग गडगडू लागले की आम्ही ती वायर उपसून ठेवतो.

जागा वाढवण्याचे मार्ग

बोर्डावर साधारण चार किंवा सहा साटा खाचा असतात. त्या संपल्या की पीसीआय-एक्सप्रेस खाचेत बसणारे कार्ड लावावे. एएसएम ११६६ किंवा जेएमबी ५८५ चिपेची पाच-सहा खाचांची कार्डे साध्या कामाला ठीक आहेत. दहा-पंधरा-वीस खाचांची स्वस्त कार्डे दिसतात, त्यांत पुष्कळदा एकाच खाचेचे फाटे फोडलेले असतात. एक डिस्क अडखळली की तिच्या शेजारणीही दिसेनाशा होतात. यूएसबी हबला चार छोट्या डिस्क लटकवणे हा तर निव्वळ उसनवारीचा कारभार. यूएसबी ३ ची खाच नियमाप्रमाणे ९०० मिलिअँपिअर देते, हबमध्ये तेच चौघांत वाटले जाते.

डिस्क घेताना तिची लिहिण्याची पद्धत विचारा. एसएमआर पद्धतीत पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जागा वाढते पण पुन्हा लिहिणे फार मंद होते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केले की अशा यंत्रांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या रेड मालिकेतील काही डिस्क याच पद्धतीच्या आहेत. त्यानंतर कंपन्या ही माहिती प्रसिद्ध करू लागल्या. अनेक डिस्कांच्या यंत्रात सीएमआर पद्धतीचीच घ्यावी.

अनेक डिस्क एकत्र बांधण्याची कल्पना कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ च्या निबंधात मांडली आणि तिला रेड हे नाव दिले. तिचे मर्म दुकानदाराला लगेच कळते. तीन गिऱ्हाइकांचे आकडे आणि चौथ्या जागी त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर तिघांपैकी एक आकडा पुसला गेला तरी बेरजेवरून तो काढता येतो. चार डिस्कांत तिघींची जागा वापरायला मिळते आणि एकीची बेरजेत जाते. पूर्वी अशा संचात मागाहून एकच डिस्क घालणे झेडएफएस पद्धतीत शक्य नव्हते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपन-झेडएफएस २.३ आवृत्तीपासून ती सोय झाली आहे. आमच्यासारख्या, पैसे साठतील तशी डिस्क घेणाऱ्यांसाठी ही मोठीच गोष्ट.

पण मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घातल्यावर तिच्यावर सगळे पुन्हा लिहावे लागते. आठ टीबीची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाईट वेगाने, एक क्षणही न थांबता लिहिली तरी पंधरा तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या सगळ्या डिस्क पूर्ण जोरात, पूर्ण गरम. दुसरी डिस्क मरायची तर याच वेळी मरते. आणि याच वेळी लाईट जाते.

बेरजेने एक डिस्क वाचते, वही वाचत नाही. आमची जोडी एकाच वायरीवर होती, एकाच एसएमपीएसवर होती, एकाच छपराखाली होती. जुलै २०२३ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन घरांत पाणी शिरले, महागाव तालुक्यातील आनंदनगरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर बोलवावे लागले. अशा पाण्यापुढे कोणते रेड? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या फायलींचीही राख झाली, तिथे तर सरकार होते.

सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनमधली सर्वात मोठी आयत आहे आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे प्रत्येक मुसलमान व्यापाऱ्याला लहानपणापासून ठाऊक असते. लिहिण्याबरोबर साक्षीदारांचाही हुकूम तिच्यात आहे, आणि साक्षीदार एकापेक्षा जास्त. मी आलिम नाही, पण माझ्या समजुतीप्रमाणे एकाच खोलीतल्या दोन डिस्क हे दोन साक्षीदार नव्हेत. २०२२ पासून आमच्या वहीची एक प्रत रोज रात्री यूएसबीच्या वेगळ्या डिस्कवर उतरते, ती डिस्क काढून लोखंडी कपाटात जाते. दुसरी प्रत यवतमाळला आपांच्या घरी असते, महिन्यातून एकदा जाऊन बदलतो. वही छोटी असल्यामुळे तिची कुलूपबंद प्रत इंटरनेटवरही आहे. कॅमेऱ्याचे चित्रण कोठेही दुसरे ठेवत नाही, ते गेले तर गेले. मशिदीच्या कागदांची प्रत मात्र कमिटीच्या दोन जणांकडे वेगवेगळ्या पेन ड्राईव्हवर दिली आहे, आणि मूळ कागद तर आहेतच.

प्रत काढली एवढ्यावर थांबू नका. दर तीन महिन्यांनी त्या प्रतीतून एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते उघडून पाहा. आमच्या ओळखीच्या एका दुकानात दोन वर्षे रोज बॅकअप घेतला जात होता, उघडला तेव्हा थैली रिकामी होती.

विजेच्या बिलाचे विचाराल तर सत्तर वॅटचे यंत्र अहोरात्र चालले की दिवसाला १.६८ युनिट, महिन्याला पन्नास. युनिटला १० रुपये धरले तर पाचशे रुपये. फक्त हिशेब आणि बिले ठेवायची असतील तर यंत्र अहोरात्र चालवण्याचे कारणच नाही, दुकान बंद करताना तासभर लावले तरी पुरे. डिस्कांना दर दहा मिनिटांनी झोपवून बिल वाचवण्याच्या फंदात पडू नये. उठताना प्रत्येक वेळी तीच दोन अँपिअरची ओढ, आणि मोटारीची झीज वेगळी.

आता येत्या दिवाळीआधी आणखी दोन डिस्क घालायच्या आहेत. आठ डिस्कांचे सोळा अँपिअर, प्रोसेसरचे सहा धरले, बावीस झाले. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टपुढे चाळीसच्या वर आहेत. त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची जादा वायर मागवली आहे, दोन आठवड्यांत येईल म्हणतात. तोवर नव्या डिस्क खोक्यातच राहतील. पुतण्याने घरातल्या वायरी पुन्हा एकदा धुंडाळून पाहिल्या, त्याला मी चहा आणायला पाठवले.